खणातले थेंब

एक गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, डॉक्टरांना नाही आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच. माझ्या डोळ्यांचं काय झालं हे आता ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, नात्यात सगळ्यांना माहीत आहे. डोळ्यांत घालायच्या एका औषधाने ते झालं, हेही मी सगळ्यांना सांगत असतो. सांगत नाही ते एवढंच, की हे कारण मला कळल्यावर पुढचे पाच आठवडे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई तेच औषध डोळ्यांत घालत होती आणि मी बघत होतो. ते औषध तिला मीच दिलं होतं.

आमच्या डॉक्टर पेशंटांचे अनुभव गोळा करतायत, वेटिंग रूममध्ये ठेवायच्या पुस्तिकेसाठी. मला म्हणाल्या, "परब, तुमचं दिवसभर स्क्रीनवरचं काम. तुम्ही लिहा, लोकांना उपयोग होईल." मी घरी येऊन दोन पानं लिहिली आणि फाडून टाकली. त्या पानांत मी नुसता पेशंट होतो. आता पुन्हा लिहितोय.

आमचं काम

अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत आमचा छोटा स्टुडिओ आहे. औषधांची खोकी आणि गोळ्यांच्या पट्ट्या छापायला जाण्याआधी त्यांचा मजकूर स्क्रीनवर लावायचा आणि तपासायचा, हे आमचं काम. औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं तुम्ही कधी वाचली नसतील. ती आम्ही वाचतो. गेली बावीस-तेवीस वर्षं मी दुसरं काही वाचलेलंच नाही म्हणा ना.

तपासायची आमची एक पद्धत आहे. दोघांनी बसायचं. एकाने कंपनीकडून आलेल्या मंजूर कागदावरून मोठ्याने वाचायचं, कॉमा, फुलस्टॉप, कॅपिटल सगळं उच्चारून. दुसऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवून पाहत जायचं आणि प्रत्येक ओळीला "ओके" म्हणायचं. ही पहिली फेरी. दुसरी फेरी एकट्याने, शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे. उलटं वाचलं की डोकं अर्थ लावत नाही, फक्त अक्षर दिसतं आणि चूक सापडते. ज्यांनी मला हे काम शिकवलं ते म्हणायचे, "अर्थात शिरलास की चूक निसटली." मीही नंतर आलेल्या प्रत्येकाला हेच शिकवलं. सुप्रियालाही.

सुप्रिया आठ वर्षांपूर्वी आली. राहायला मुलुंडला, मूळची मालवणकडची. मी देवगडचा. त्यामुळे पहिल्याच दिवशी मी तिचा दादा झालो. मूड चांगला असला की "दादानू", काम अंगावर आलं की "परबदादा". पस्तिशीची आहे, मुलगी तिसरीत. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. स्पेसिंगमधली फट तिला न मोजता दिसायची.

होती, असं लिहिलंय. ते तसंच ठेवतो.

बाटली कुठून आली

काही वर्षांपूर्वी माझे डोळे आले होते. बोरिवलीला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, आठवडाभर घाला म्हणाले. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र. आठवड्यानंतर थांबलो. पण बाटलीत थोडं औषध उरलं होतं. पुढच्याच महिन्यात एका मोठ्या कंपनीची सगळी खोकी एकदम बदलायला आली. संध्याकाळपर्यंत डोळे लाल, पापण्यांत वाळू घातल्यासारखं, कपाळ ठणकायला लागलेलं. उरलेले थेंब घातले. सकाळी डोळे परत स्वच्छ.

त्यानंतर मी डॉक्टरकडे गेलोच नाही. रिकामं खोकं केमिस्टला दाखवायचो, तो नवीन बाटली द्यायचा. कधी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी दुसऱ्या केमिस्टकडे गेलो असतो. एक बाटली ऑफिसच्या खणात असायची, एक घरी.

त्यात स्टिरॉइड असतं. हे मला माहीत नव्हतं असं मी डॉक्टरांना सांगितलं. खरं असं आहे की त्या औषधाचं खोकं आमच्याच स्टुडिओत तयार होत होतं. त्यावरची सूचना मी कितीतरी वेळा तपासली होती. अक्षर न् अक्षर. अर्थात शिरलो नव्हतो.

आणि गंमत म्हणजे स्क्रीनमुळे डोळे थकतात त्यावर बाकी सगळे उपाय मी केले होते. स्क्रीन डोळ्यांपासून हातभर लांब, वरची कडा नजरेच्या जरा खाली. खिडकीचा उजेड काचेवर पडू नये म्हणून पडदा. थोड्या थोड्या वेळाने उठून समोरच्या गाळ्याच्या छतावर बसलेली कबुतरं बघायची, म्हणजे लांबचं बघितलं जातं. हे मी सगळ्या स्टुडिओला लावून दिलं. शेठही खूश. सुप्रिया मला वैद्यबुवा म्हणायची. त्यामुळे तिचे डोळे चुरचुरायला लागले तेव्हा ती दुसऱ्या कोणाला विचारायलाच गेली नाही.

"दादानू, माका वाटता डोळे भायर येतले आता," असं म्हणून ती खुर्चीत मागे रेलली. मी खणातून बाटली काढून दिली.

त्यानंतर तिने तिची स्वतःची बाटली घेतली. पुढे एकदा तिने मुलुंडला डोळ्यांच्या डॉक्टरची वेळही घेतली होती. मीच म्हटलं, कशाला हेलपाटा, तो नवीन चष्मा गळ्यात मारेल, थेंब आहेत ना. तिने वेळ रद्द केली. हे वाक्य लिहायला मला आज सगळी सकाळ लागली.

निदान

मी उजवीकडे धडकायला लागलो. दाराची चौकट, फ्रिज, माणसं. उजव्या हाताला ठेवलेला चहाचा कप दोनदा सांडला. नीलिमा, माझी बायको, शाळेत शिकवते. ती गोष्टी मोजत नाही, पण विसरतही नाही. तिसऱ्यांदा कप सांडला तेव्हा ती पुसायला उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "अहो, कप तिथे आहे हे तुम्हाला दिसत नव्हतं." विचारलं नाही, सांगितलं. शनिवारी मला डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली.

मला वाटत होतं नंबर वाढला असेल. हनुवटी टेकवली, निळा उजेड डोळ्याजवळ आला. डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला. पुन्हा मोजला. मग दुसऱ्या यंत्रावर. डॉक्टर तीच गोष्ट तिसऱ्यांदा मोजायला लागला की पेशंटला सगळं कळतं.

नीलिमा बाहेर फाईल करायला काउंटरवर गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यांत काही औषध घालता का? मी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, नाव वाचलं आणि विचारलं, किती दिवस?

"वर्षं," मी म्हटलं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या की या औषधाने काही लोकांच्या डोळ्यांतला दाब वाढतो. दुखत नाही, लाल होत नाही, उलट डोळा छान दिसतो. आतली नस मात्र मरत जाते. काचबिंदू. जी नजर गेली ती परत येणार नाही. उरलेली टिकवायची.

मग त्यांनी विचारलं, "घरात, ऑफिसात अजून कोणी वापरतं का हे?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं हे मी खूप वेळा स्वतःला विचारलंय. तेव्हा काही ठरवलं वगैरे नव्हतं. सुप्रियाचा चेहरा समोर आला आणि त्याबरोबर ती रद्द केलेली वेळ. माझा स्वतःचा डोळा जातोय हे कळून मिनिटसुद्धा झालं नव्हतं, आणि मी आधी स्वतःचं नाव वाचवलं.

बटण

नजर किती उरली ते तपासायला एक यंत्र असतं. पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं. मध्ये एका ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. एक डोळा झाकलेला.

इतकी भीती मला कुठेच वाटली नाही. काहीच दिसत नसतं तेव्हा दोन शक्यता असतात. एक, तिथे उजेड लागलेला नाही. दोन, लागलाय आणि तुम्हाला दिसत नाही. मी अंदाजाने बटण दाबायला लागलो. परीक्षेत कॉपी करावी तसा. टेक्निशियन मुलगी म्हणाली, "काका, दिसेल तेव्हाच दाबा. मशीनला कळतं." पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

कागद बाहेर आला त्यात उजव्या डोळ्याच्या चित्रात मोठा काळा डाग होता. डाव्या डोळ्यात वरच्या बाजूला पुसट. नीलिमाने तो कागद बराच वेळ हातात धरला. आम्ही रिक्षाने घरी निघालो. कांदिवलीच्या सिग्नलला म्हणाली, "इतकी वर्षं माझ्यासमोर बसून डोळ्यांत घालत होतात. मला वाटायचं साधंच काहीतरी आहे. मीच बाटली आणूनसुद्धा दिलीये तुम्हाला." आणि मग ती रडली. मी तिला म्हटलं, तुझी काय चूक, तुला काय माहीत. हे वाक्य दुसऱ्या एका बाईला कोणीतरी म्हणायला हवं होतं, हे मला त्या क्षणीही कळत होतं.

पाच आठवडे

ऑफिसात मी सांगितलं की चष्म्याचा नंबर बदललाय आणि दाब कमी करायचे थेंब चालू आहेत. काचबिंदू हा शब्द काढला नाही. खणातली बाटली घरी नेऊन टाकून दिली. सुप्रियाने विचारलं, तुमची बाटली कुठे गेली? संपली, म्हटलं. ती म्हणाली, माझी घ्या ना. आणि पुढे केली. मी नको म्हटलं.

ती साधारण चारच्या सुमाराला घालायची. चष्मा काढून कीबोर्डवर ठेवायची, मान मागे, डाव्या हाताने पापणी खाली. आधी डावा डोळा, मग उजवा. मग डोळे मिटून थोडा वेळ तशीच. त्या वेळात मी काय करायचो? स्क्रीनकडे बघायचो. उठून पाणी प्यायला जायचो. एकदा म्हटलं, कमी घाल गं, सवय लागते. ती डोळे मिटूनच हसली. "वैद्यबुवा, तुम्हीच लावलीत." एवढं बोलून मी माझं कर्तव्य केलं असं त्या संध्याकाळी मला खरंच वाटलं होतं.

रोज ठरवायचो, उद्या सांगू. मेट्रोत बसल्यावर वाक्यं जुळवायचो. "सुप्रिया, एक काम कर, डोळे दाखवून ये." पण ती का विचारणार. आणि का याचं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न होता, तुम्हाला कधी कळलं? पहिल्या दिवशी या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. दर दिवशी ते अवघड होत गेलं. उशीर झाला म्हणून सांगता येईना, आणि सांगता येईना म्हणून आणखी उशीर. आजारपणात माणूस दुबळा होतो, त्याला समजून घ्यायला हवं, असं लोक म्हणतात. मी दुबळा नव्हतो. जेवत होतो, झोपत होतो.

चौथ्या आठवड्यात ते खोकं आलं.

आमच्या थेंबांचं नव्हे, पण त्याच जातीच्या औषधाचं. कंपनीने धोक्याची सूचना बदलली होती, ती नवी ओळ घालून तपासायची होती. सुप्रिया वाचायला बसली, मी स्क्रीनवर. तिचं वाचन एकसुरी आणि वेगात, स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखं.

"कॅपिटल पी, प्रोलाँग्ड यूज मे रेझ प्रेशर इन द आय, कॉमा, लीडिंग टू ग्लॉकोमा अँड लॉस ऑफ व्हिजन, फुलस्टॉप."

दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, नजर जाऊ शकते. तिच्या तोंडून. माझ्यापासून दीड हातावर.

मी बोट त्या ओळीवर ठेवून थांबलो. ती माझ्या ओकेची वाट बघत होती. तिने कागदावरून मान वर केली. "काय झालं? स्पेलिंग चुकलंय?"

देवाने किंवा कोणी म्हणा, मला याहून सोपी वेळ दिली नसती. नुसतं म्हणायचं होतं, ते परत वाच. सावकाश वाच.

"ओके," मी म्हटलं.

ती पुढच्या ओळीवर गेली. खोकं संपलं, तिने चष्मा काढला, मान मागे टाकली.

मी का सांगितलं

धैर्य आलं म्हणून नाही. नीलिमामुळे.

तिला मागच्या वर्षी ऑफिसच्या पिकनिकला सुप्रिया भेटली होती. गोराईला गेलो होतो तेव्हा. बोलता बोलता दोघांकडे एकाच औषधाची बाटली यावरून चेष्टाही झाली होती. ते नीलिमाच्या लक्षात होतं. निदान झाल्यावर दोन दिवसांतच तिने विचारलं होतं, "सुप्रियाला सांगितलंत ना?" मी हो म्हटलं होतं. काय म्हणाली? दाखवणार आहे म्हणाली. असं सगळं मी रचून सांगितलं. पाचव्या आठवड्यात एका शुक्रवारी भाजी निवडता निवडता नीलिमा म्हणाली, "त्या पोरीचं काय झालं मग? तुम्ही काहीच सांगत नाही. रविवारी मीच फोन करते तिला."

शनिवारी मी सुप्रियाला जिन्यात गाठलं. हे सगळं मी पकडला जाईन म्हणून केलं, हे कृपा करून लक्षात ठेवून पुढचं वाचा.

"माझे रिपोर्ट काल आले," मी म्हटलं. "काचबिंदू आहे. त्या थेंबांमुळे. तू आजपासून बंद कर आणि आत्ता डॉक्टरकडे जा."

तिचा हात नकळत पर्सवर गेला. पर्समध्ये बाटली होती. मग म्हणाली, "रात्री दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात मला. महिना झाला. मला वाटलं स्क्रीनमुळे."

ती तशीच खाली उतरली आणि मुलुंडची बस पकडून गेली. डबाही टेबलावर राहिला.

रविवारी नीलिमाने फोन केला तेव्हा मी समोर पेपर धरून बसलो होतो. एकही शब्द वाचला नाही. तारखा जुळतायत की नाही एवढंच ऐकत होतो. तारखांचा विषय निघाला नाही. नीलिमा म्हणाली, काळजी घे गं, लवकर कळलं ते बरं झालं. फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाली, "बिचारी तुमचीच चौकशी करत होती."

तिचे डोळे

दाब वाढलेला होताच. उजव्या डोळ्याची नस वाचली होती. डाव्या डोळ्यात डाग सुरू झाला होता, छोटा, कडेला. थेंब बंद केल्यावर तिचा दाब उतरला, माझ्यासारखं ऑपरेशन करावं लागलं नाही. पण डाग राहिला. तो त्या पाच आठवड्यांत पडला, की आधीच होता, की आधी होता आणि त्या आठवड्यांत वाढला, हे कोणीही सांगू शकत नाही. मी माझ्या डॉक्टरांना आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, असं तोडून सांगता येत नाही. त्यांना वाटलं मी माझ्याबद्दलच विचारतोय.

सुप्रिया दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. कामापुरतं वाचायची, ओके घ्यायची. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आली आणि टेबलाच्या कडेला टेकली.

"राग आलेला मला तुमचा," ती म्हणाली. "खूपच. नवरा तर म्हणाला, त्या परबाला जाऊन विचारतो. मी म्हटलं, बाटली मी हौसेने घेतली, माझ्या डोळ्यांत कोणी ओतली नाही. आणि दादा, तुम्हाला स्वतःला एवढं मोठं झालेलं असताना दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत. दुसरा असता तर गप्प बसला असता."

मी चहा घेतला. तो गरम होता, तरी एका दमात प्यायलो.

ऑपरेशन

माझ्या उजव्या डोळ्याचा दाब औषधांनी उतरेना. ऑपरेशन गेलेली नजर आणण्यासाठी नव्हतं, उरलेली राखण्यासाठी होतं. हे नातेवाईकांना समजावताना नीलिमा थकून गेली. "मग करायचं कशाला?" असं माझ्या सासूबाईंनी तीनदा विचारलं.

हिरवं कापड तोंडावर आलं आणि एका डोळ्याएवढी खिडकी उरली. शरीर जागं, डोळा बधिर. दुखत नाही, पण कोणीतरी तिथे काम करतंय हे कळतं. डॉक्टर असिस्टंटशी हळू आवाजात बोलत होत्या. एकदा त्या मध्येच थांबल्या. काय झालं, असं विचारायला मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाल्या, "परब, हलू नका, सगळं ठीक आहे." त्या थांबण्यात मी पूर्ण कबुलीजबाब मनात म्हणून घेतला. सगळं सांगेन, फक्त हा डोळा राहू दे. ऑपरेशन नीट झालं. मी सांगितलं नाही.

बरं वाटावं असंही काही होतं, ते नोंदवतो. वॉर्डमधल्या मावशी न विचारता पंख्याचं तोंड माझ्याकडून फिरवायच्या, कारण डोळ्यावर वारा नको. शेजारच्या खाटेवर घाटकोपरचे एक कापडवाले आजोबा होते. दोन्ही डोळ्यांना पट्टी असताना ते सिस्टरांच्या चपलांच्या आवाजावरून कोण आलं ते ओळखायचे आणि हमखास चुकायचे. नीलिमा मला पेपर वाचून दाखवायची आणि मी सवयीने मध्येच "कॉमा" म्हणायचो. तेव्हा ती निदानानंतर पहिल्यांदा मोकळं हसली. घरी आल्यावर तिने सगळी औषधं तिच्या ताब्यात घेतली. "थेंब मी घालणार. तुमच्या हातात बाटली द्यायची नाही." आजही तीच घालते. मी मान मागे टाकतो, ती पापणी ओढते.

सुप्रिया बघायला आली ती घावणे घेऊन. मुलीने काढलेलं एक चित्रही आणलं होतं, चष्मा घातलेल्या काकांचं. ती गेल्यावर मी पट्टीचं निमित्त करून भिंतीकडे तोंड करून पडलो.

ज्यांचे डोळे चुरचुरतात त्यांच्यासाठी

मुख्य सांगायचं ते हे. माझे डोळे थकत होते ते खरंच थकत होते. त्याला साधी कारणं होती, आणि मी ती कधी शोधलीच नाहीत, कारण थेंब घातले की तक्रार संपायची. डॉक्टरांनी नंतर ती अर्ध्या तासात शोधली. माझा चष्मा जवळचं-लांबचं एकत्र असलेला होता, स्क्रीन वाचायला मी दिवसभर हनुवटी वर करून बसायचो, म्हणून मान आणि कपाळ दुखायचं. आता फक्त स्क्रीनच्या अंतरासाठी वेगळा चष्मा आहे. एसीचा झोत थेट तोंडावर होता, तो वळवला. बारीक अक्षर तपासताना मी पापणीच हलवत नव्हतो. आता प्रत्येक "ओके"ला डोळे पूर्ण मिटून उघडतो. अक्षर बारीक असेल तर डोळे ताणत नाही, स्क्रीनवर मोठं करून घेतो. छापताना ते बारीकच राहतं, कोणाचं काही जात नाही. एक चष्मा सोडला तर हे सगळं बिनखर्चाचं होतं.

डोळ्यांत घालायचं कुठलंही औषध डॉक्टरने सांगितलं तितकेच दिवस घाला. डोळा पटकन पांढरा होतोय म्हणून औषध चांगलं, असं समजू नका. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्या, मिनिटभराचं काम असतं. आणि स्वतःचं औषध दुसऱ्याला देऊ नका, ती कितीही तुमच्या गावाकडची असली तरी.

दसरा

आमच्याकडे दसऱ्याला मॉनिटरांची पूजा होते. स्क्रीनला झेंडूच्या माळा, कीबोर्डवर हळदकुंकू, शेठकडून पेढे. या वर्षी दोन नवीन मुलं कामाला लागलीत. पूजा झाल्यावर सुप्रिया त्यांना थेंबांची गोष्ट सांगत होती. माझ्या सांगण्यावरूनच, प्रत्येक नव्या माणसाला ती सांगायची असं आम्ही ठरवलंय. सांगता सांगता तिने माझ्याकडे हात केला.

"यांना रिपोर्ट मिळाला आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात पकडून मला सांगितलं यांनी. म्हणून माझा उजवा डोळा शाबूत आहे."

शेठनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मी पेढा तोंडात टाकला. टाळ्या संपेपर्यंत चावत राहिलो.

त्या रात्री मी पुन्हा लिहायला बसलो. ते हे.

सुप्रियाचं मी देणं लागतो. तिचे पाच आठवडे माझ्याकडे आहेत आणि ते परत करता येत नाहीत. पण ते मी घेतले, मला तेव्हा माहीत होतं, तिने ती ओळ वाचली तेव्हाही माहीत होतं, एवढं तरी तिला माझ्या तोंडून कळायला हवं. छापील पुस्तिकेतून नव्हे. नीलिमालाही कळायला हवं, पण आधी सुप्रियाला. हा मजकूर डॉक्टरांना सोमवारी द्यायचाय. आज गुरुवार आहे. अजून सांगितलेलं नाही.